खाणं तेवढंच, मग वजन का वाढलं?

निपाणीजवळच्या एका गावातून ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. वय ३६, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. दोन मुलं, दोन्ही वेळा सिझेरियन, दुसऱ्या वेळीच मुलं बंद करण्याचं ऑपरेशन. यजमान ४१ वर्षांचे, मिलिटरीतून रिटायर होऊन आता कागलच्या एमआयडीसीत सिक्युरिटीला, बहुतेक रात्रपाळी; उंची १७३, वजन ८४. ताईंना थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. माहेरी आई आणि बहीण दोघी अंगानं भारी. सासूबाईंचं मत, 'बसून खाल्लं की असंच होतंय.' ताईंचे प्रश्न असे: हे थायरॉइडमुळे की आनुवंशिक? मी खाते तरी किती? आत्ता तसा काही त्रास नाही, तर काळजी कशाला करायची? आणि शेजारणीनं सांगितलेली वजन कमी करायची पावडर घेऊ का? मोठा मुलगा अकरा वर्षांचा, तोही गुबगुबीत आहे, असं जाता जाता लिहिलंय.

ताई, पावडरचं उत्तर लगेच देतो: घेऊ नका. का ते पुढं सांगतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले पेशंट बघताना एक गोष्ट मला सारखी दिसत आली आहे. माणसाचं वजन दरवर्षी ठरल्यासारखं वाढत नाही. आयुष्यातल्या एखाद्या वळणावर ते दोन-तीन वर्षांत चढतं आणि मग तिथंच मुक्काम ठोकतं. 'कधीपासून वाढलं?' असं विचारलं की कुणी साल सांगत नाही, प्रसंग सांगतात. धाकटीच्या बाळंतपणानंतर. पेन्शनीत आल्यावर. शेत वाट्यानं दिल्यावर. माग विकून दुकान टाकल्यावर. त्या वळणावर अंगाचं काम कमी होतं, झोप बिघडते किंवा एखादं औषध सुरू होतं, आणि ताट मात्र जुन्याच कामाचं राहतं. तुमच्या घरात अशी निदान दोन वळणं दिसतात.

आधी मोजमाप. वजनाच्या किलोंना उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गानं भागलं की बीएमआय निघतो. तुमचा २९.६, यजमानांचा २८.१. जगभर वापरात असलेल्या तक्त्यात २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा, म्हणजे त्या हिशेबानं तुम्ही दोघंही जादा वजनात. पण भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्या लोकांसाठी मर्यादा खाली आणल्या: २३ च्या पुढे जादा वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. या मापानं दोघंही लठ्ठपणात मोडता. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही एकट्या नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष २५ च्या वर निघाले. कर्नाटकात हेच प्रमाण दोघांतही ३० टक्क्यांच्या आसपास आहे.

त्याहून महत्त्वाची कंबर. शिंप्याचा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधारण बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून झाल्यावर मोजा. पोट आत ओढू नका. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या (साडेएकतीस इंच) वर आणि पुरुषाची ९० च्या (साडेपस्तीस इंच) वर गेली की धोका सुरू. दुसरा सोपा हिशेब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. म्हणजे तुमची मर्यादा ७७, यजमानांची ८६ च्या आसपास. पुरुषांना एक सांगायला हवं. 'माझी पँट अजून चौतीसच आहे' हे मला रोज ऐकायला मिळतं. पँट पोटाखाली घसरली की चौतीसच राहणार!

मर्यादा आपल्यासाठीच कमी का? याचं बरंचसं उत्तर पुण्यात सापडलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. २००४ मध्ये दोघांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तो आता जगभरचे डॉक्टर ओळखतात. त्याआधी १९९३ पासून याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हाडा-स्नायूंनी बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ इंग्लंडच्या बाळांइतकी. म्हणजे किडकिडीत दिसणारं बाळसुद्धा चरबी राखून जन्माला येतं. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहून शेतात राबलेल्या आयांच्या पोटी वाढलेलं शरीर टंचाईची तयारी करूनच बाहेर पडतं. पुढं टंचाई येत नाही, बेकरी येते. निपाणीकडचं आणि पुण्याजवळचं खेडं यात या बाबतीत फारसा फरक असेल असं मला वाटत नाही.

आता 'मी खाते तरी किती'. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मी धरून चालतो. पण स्वतःच्या खाण्याचा अंदाज सगळ्यांचाच कमी निघतो, डॉक्टरांचाही. म्हणून ताटाकडे न बघता डब्याकडे बघा. पाच माणसांच्या घरात तेलाचा पंधरा किलोचा डबा किती दिवस जातो? दोन महिने जात असेल तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल झालं. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे साडेचारशे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला रोज २७ ते ३० ग्रॅमचा आहे. वरच्या वीस ग्रॅमच्या १८० कॅलरी ताटात दिसतही नाहीत. चहा तीन वेळा, दोन-दोन चमचे साखर: आणखी शंभर-सव्वाशे. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, भाजीत कूट, संध्याकाळी चुरमुऱ्यात मूठभर शेंगदाणे. मूठभर म्हणजे तीस ग्रॅम, म्हणजे दीडशेच्या वर. शेंगदाणे वाईट मुळीच नाहीत, पण ते निम्मे तेलच आहेत. शिवाय पोरांच्या ताटात उरलेलं टाकवत नाही म्हणून पोटात जातं, त्याची नोंद कुठंच होत नाही.

अंगावरच्या एका किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज शंभर कॅलरी जादा गेल्या तर कागदावर वर्षाला पावणेपाच किलो होतात. प्रत्यक्षात तेवढे होत नाहीत, कारण वजन वाढतं तसा ते वागवण्याचा खर्चही वाढतो आणि काही दिवसांनी मेळ बसतो. पण तो मेळ चार किलो वर जाऊन बसतो, खाली येऊन नाही.

भाताबद्दल आणि भाकरीबद्दल इथं बरेच गैरसमज आहेत. 'डॉक्टर, भात बंद करून भाकरीच खाते, तरी कमी होईना.' शंभर ग्रॅम ज्वारीत ३३४ कॅलरी, शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात ३५६. फरक नसल्यातच जमा. भाकरीचा फायदा दुसरा आहे. ज्वारीत चोथा दहा ग्रॅम, तांदळात तीनाच्याही आत. शिवाय भाकरी चावावी लागते, त्यामुळे दीड-दोन भाकरीत हात थांबतो. आमटी-भात मात्र न मोजता तिसऱ्यांदा वाढून घेतला जातो. कर्नाटक सरकारची अन्नभाग्य योजना २०१३ मध्ये आली, तांदूळ आधी रुपयात आणि मग फुकट मिळू लागला. गरिबाच्या घरात चूल पेटती राहिली, ही मोठीच गोष्ट. पण शाळूची भाकरी खाणाऱ्या घरांत एक वेळचा भात कायमचा आला तो याच सुमारास, आणि भाकरी थापायचे कष्ट वाचले म्हणून तो टिकलाही. बायकांना त्याचा दोष देणार नाही. धुरात बसून वीस भाकऱ्या कुणी थापायच्या, हा प्रश्न पुरुषांना क्वचितच पडतो.

बेकरीचं आणि पुड्यांमधलं खाणं वेगळ्या जातीचं आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१९ मध्ये वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं अन्न दिलं. दोन्हींत साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच, आणि हवं तेवढं खायची मुभा. तयार अन्नावर माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जादा खाऊन गेली. खारी, बटर, क्रीमचं बिस्किट, कुरकुरीत पुड्या यांवर हात थांबत नाही, तो तुमच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे. त्या वस्तू तशाच बनवलेल्या असतात. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचं करदंट या मिठायांना मी एवढा बोल लावत नाही. ते पाहुणे आल्यावर, कुणी बेळगावला किंवा गोकाकला गेल्यावर येतं. रोजच्या चहाबरोबरची खारी जास्त महागात पडते. आणि संकष्टीची साबुदाणा खिचडी उपवासात धरू नका. पिठूळ दाणे, तेल आणि शेंगदाण्याचं कूट मिळून ती रोजच्या जेवणापेक्षा जड होते.

आता वळणं. तुमचं वळण बाळंतपणाचं. बाळाला पाजताना अंगाला रोज पाचशे-सहाशे कॅलरी जादा लागतात, तेव्हा डिंकाचे, अळिवाचे लाडू चुकीचे नव्हेत. अडचण अशी की पाजणं सहा महिन्यांनी निम्म्यावर येतं आणि लाडवांचा डबा वर्षभर भरत राहतो. त्यात सिझेरियन. 'वाकू नको, उचलू नको' हा सल्ला काही आठवड्यांचा असतो, पण घरात तो वर्षानुवर्षं पाळला जातो. पहिल्याचं वजन उतरायच्या आत दुसरं राहतं, आणि दर बाळंतपणाला काही किलो अंगावर राहून जातात. 'ऑपरेशन केल्यापासून पोट सुटलं' असं बऱ्याच बायका सांगतात. मुलं बंद करण्याच्या ऑपरेशनात फक्त नळ्या बांधतात. बीजकोश, हार्मोन, पाळी यांना हात लागत नाही. पोट सुटतं ते त्याच वेळी बाळंतपण, वय आणि विश्रांती एकत्र आल्यानं.

यजमानांचं वळण आमच्या भागात घरोघरी आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, गावोगावी फौजी. पंधरा-सतरा वर्षं पहाटेची पीटी, परेड, मैलोन्‌मैल चालणं, आणि त्याला साजेसं जेवण. चाळिशीच्या आत-बाहेर माणूस घरी येतो. भूक तीच, पोळ्यांची संख्या तीच, कामाचा मात्र पत्ता नाही. त्यानंतरची नोकरी बहुतेक वेळा बँकेच्या दारात किंवा कारखान्याच्या गेटवर खुर्चीतली. शिवाय मिलिटरी कँटीनचा दारूचा कोटा. साठ मिलिलिटर रममध्ये १४० च्या आसपास कॅलरी, असे दोन, आणि सोबत शेव, शेंगदाणे, मिरची भजी. रात्रीचं जेवण अजून व्हायचंच असतं. फौजी माणसाला 'तुमचं पोट सुटलंय' म्हटलं की राग येतो, कारण त्याच्या डोक्यात तो अजून पंचविशीतला जवान असतो.

तालमीतल्या पैलवानांचंही हेच. कुस्ती सुटते, पण दूध, तूप, थंडाई सुटत नाही, आणि चाळिशीत साखर घेऊन येतात ते बहुतेक कधीकाळी गदा मिरवलेले. वडगाव-शहापूरच्या मागावरचे विणकर, निपाणीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका यांचं काम कष्टाचं, दिवस संपेपर्यंत पाठ-मान धरते, पण ते बसून आहे. कष्ट होतात, कॅलरी जळत नाहीत. उसाचे पैसे आल्यावर दारात मोटारसायकल आली आणि बांधावर चालत जाणं संपलं, हेही एक वळणच. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतात, तरीही ती सोडाच. त्या चार किलोंपेक्षा तंबाखू कैकपट वाईट.

आनुवंशिक आहे का? आहे, आणि बरंच आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून वजनातल्या फरकाचा ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिक दिसतो. पण एखाद-दुसऱ्या जनुकाला धरता येत नाही. २००७ मध्ये सापडलेलं एफटीओ हे त्यातलं सगळ्यात ठळक. त्याची वजन वाढवणारी प्रत आई आणि बाप दोघांकडून मिळाली तरी सरासरी तीन किलोंचा फरक पडतो. आनुवंशिकता मुख्यतः भुकेत असते. कुणाला दोन घासांनी समाधान होतं, कुणाच्या मेंदूला 'पुरे' हा निरोप उशिरा पोचतो. सासूबाईंचं अंग सडपातळ असेल तर त्यात त्यांच्या कष्टांइतकाच त्यांच्या आई-वडिलांचाही वाटा आहे, हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

थायरॉइडवर मात्र उगाच खापर फुटतं. थायरॉइड खूप कमी असला तरी त्यानं वाढणारं वजन दोन ते पाच किलो, तेही बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. गोळी चालू असून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) मर्यादेत असेल तर उरलेल्या जादा वजनाचा आणि थायरॉइडचा संबंध नाही. गोळी पहाटे अनशापोटी घ्या, चहा अर्ध्या तासानंतर, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगात पुरती लागत नाही.

ज्या कारणाकडे आमच्या भागात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते म्हणजे औषधं. गुडघेदुखी, सांधेदुखी, दमा यांवर कुणीतरी पुडी देतं, बिननावाची, आणि दोन दिवसांत गुण येतो. इतक्या झटपट गुण देणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. सहा महिन्यांत तोंड गोल होतं, पोट आणि मानेमागचा भाग फुगतो, हातपाय मात्र बारीक राहतात, पोटावर जांभळे पट्टे उठतात, साखर आणि बीपी वाढतं. लग्न ठरलेल्या बारीक मुलीला 'अंग भरायच्या' म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्याही याच घरातल्या. कुणी अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असेल तर ती एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करायचं विसरलेलं असतं, एकदम थांबवलं तर माणूस कोसळतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. वजन कमी करायच्या पावडरीचा धोका उलट दिशेनं, पण तसाच. डब्यावर लिहिलेलं आत असेलच असं नाही. जुलाब लावणारी, थायरॉइडची किंवा अनेक देशांत बंदी आलेली औषधंसुद्धा अशा डब्यांत सापडलेली आहेत. तुम्ही आधीच थायरॉइडची गोळी घेता, म्हणून तुम्हाला तर नकोच. मानसिक आजार, फिट्स, मायग्रेन यांवरच्या काही गोळ्या आणि मधुमेहाच्या काही औषधांनीही वजन वाढतं, पण ती मनानं बंद करायची नाहीत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बदल विचारायचा.

'त्रास काहीच नाही.' ताई, पोटातल्या चरबीचं हेच कपट आहे. ती दुखत नाही. कातडीखालची चरबी तशी निरुपद्रवी. आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये साठणारी सतत रसायनं सोडत असते आणि इन्सुलिनचं काम अडवते. पॅन्क्रियाज (स्वादुपिंड) मग जास्त इन्सुलिन करतं, आणि काही वर्षांनी थकतं. त्या दिवशी रिपोर्टात साखर दिसते. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) देशभर केलेल्या आणि २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीत १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटींना त्याच्या आधीची अवस्था असल्याचा अंदाज निघाला. पोटाचा लठ्ठपणा जवळजवळ ४० टक्के प्रौढांत होता. तुम्हाला कुठल्या गरोदरपणात साखर निघाली होती का? निघाली असेल तर आजच तपासा, पुढं मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त असते.

सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असा शब्द आला की लोक 'ते सगळ्यांनाच असतं' म्हणून कागद घडी करून ठेवतात. बहुतेकांचं तिथंच थांबतं हे खरं. पण काहींच्या लिव्हरला सूज येते, मग व्रण, मग सिऱ्होसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होणं), आणि तेही आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या बायकांत. यजमानांच्या बाबतीत दारू आणि पोट दोन्ही असतील तर लिव्हरवर दुहेरी भार.

यजमान घोरतात का? मला खात्रीनं वाटतंय, घोरतात. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, मग धाप लागून परत सुरू होतो, असं दिसलं तर तो स्लीप अ‍ॅप्निया. मानेभोवतीची चरबी झोपेत घसा दाबते, रात्रभर मेंदू शंभरदा अर्धवट जागा होतो, सकाळी डोकं जड आणि बीपी चढतं. आणि हे गृहस्थ रात्रपाळी करून हायवेवरून मोटारसायकलनं परत येतात. हृदयविकाराची भीती सगळे घालतात, मला आधी त्या गाडीवरच्या डुलकीची भीती वाटते. अपुऱ्या, उलटसुलट झोपेनं भूकही वाढते, विशेषतः गोड आणि तळलेल्याची.

बाकीचं भराभर सांगतो. अंगावर एक किलो वाढला की चालताना गुडघ्यावर पावलागणिक सुमारे चार किलोंचा भार वाढतो. आमच्याकडच्या बायकांचे गुडघे पन्नाशीतच बोलतात त्याचं हे एक कारण. पित्ताशयातले खडे, छातीत जळजळ, पाळीची अनियमितता, मूल न राहणं, बीपी, हृदयविकार. कर्करोगाचा संबंध लोकांना माहीत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ मध्ये तेरा प्रकारचे कर्करोग लठ्ठपणाशी जोडले. त्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा सगळ्यात ठळक, आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनांचा. पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसलं तर वाट बघायची नाही.

मुलाकडे नीट बघा. मान आणि काखा काळपट, मखमलीसारख्या झाल्यात का? तो मळ नव्हे, घासून जात नाही; इन्सुलिन वाढल्याची ती खूण आहे. असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून साखर, लिव्हर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. मुलांचा बीएमआय वयाच्या तक्त्यावर बघायचा असतो, मोठ्यांच्या आकड्यांवर नाही. त्याला उपाशी ठेवू नका आणि 'जाड्या' म्हणू नका, पाहुण्यांनाही म्हणू देऊ नका. वाढत्या वयात वजन आहे तिथं थांबलं आणि उंची वाढली तरी बरंच जमतं. क्लास आणि मोबाइल यांच्यामधला एक तास मैदानाला द्या.

करायचं काय? पहिलं उद्दिष्ट आदर्श वजन नव्हे, पाच ते सात टक्के. तुमच्यासाठी साडेतीन ते पाच किलो, सहा महिन्यांत. एवढंसं कशाला, असं वाटेल. पण अमेरिकेत २००२ मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी एवढंच वजन उतरवलं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालले, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत तसाच प्रयोग झाला, २००६ मध्ये छापला गेला. तिथं वजन फारसं उतरलं नाही, तरी २८ टक्क्यांनी घटलं.

स्वयंपाकघरात मी एकच गोष्ट आधी सांगतो: तेल मोजा. पाच जणांना महिन्याला चार किलो, सणवार धरून. डबा आणणं बंद, एकेक किलोच्या पिशव्या आणा, हात आपोआप आखडतो. चहातली साखर अर्धी, पंधरा दिवसांनी त्याची अर्धी. ताटात भात एक वाटी कमी आणि मसुरीची घट्ट आमटी किंवा हुलग्याची उसळ एक वाटी जास्त, नाहीतर अंडं. डाळी-कडधान्यांनी पोट भरल्यासारखं वाटतं आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. आपल्याकडे स्नायू मुळातच कमी. यात्रेला मटण खा, पण यात्रेनंतर आठवडाभर गावोगावची बोलावणी खात फिरू नका.

चालण्याबद्दल स्पष्ट बोलतो. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत पहाटे फिरणारी बरीच मंडळी ओळखीची आहेत. अर्धा तास झपाट्यानं चालून १३० ते १५० कॅलरी जळतात, आणि बाहेर आल्यावर उप्पीट-वडा होतो. नुसत्या चालण्यानं वजन फार उतरत नाही. पण साखर, बीपी, झोप, मन सगळ्याला त्याचा उपयोग होतो, आणि उतरलेलं वजन उतरलेलं ठेवायला चालण्यासारखं दुसरं काही नाही. त्याला जोड द्या बैठकांची. यजमानांना पीटी शिकवायची गरज नाही. ती ते तुम्हाला आणि मुलाला शिकवू शकतात, आणि त्यांचा रागही त्यात निघेल. सहा महिन्यांनी वजन अडेल. तुमचं काही चुकलेलं नसेल. वजन उतरलं की शरीर खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. तेव्हा कंबर मोजत राहा; काटा हलत नसतानाही ती कमी होते.

इंजेक्शनांबद्दल आता सगळेच विचारतात. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही औषधं वजनासाठी भारतात २०२५ मध्ये बाजारात आली. सव्वा-दीड वर्षात पहिल्यानं १५ आणि दुसऱ्यानं, जास्तीत जास्त डोसवर, २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं. इतकं परिणामकारक औषध आधी नव्हतं. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, स्नायूही झिजतात, आणि थांबवलं की वर्षभरात गेलेल्यातलं बरंचसं परत येतं. ती ३० च्या वर बीएमआय असलेल्यांना, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह, बीपी, अ‍ॅप्निया असं काही असलेल्यांना देतात. तुम्ही दोघंही मधल्या पट्ट्यात आहात, म्हणून रिपोर्ट आल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही. लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा विचार त्याच्याही बराच पुढचा.

तेव्हा दोघांचंही बीपी, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, एसजीपीटी (लिव्हरसाठी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) करून घ्या, तुमचा टीएसएच जादा. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ च्या मध्ये आला तर तो उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. यजमानांचं ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर त्यावर बायकोलाही सोय मिळते. पॉलिक्लिनिकमध्ये एकाच दिवशी दोघांचं काम होईल. जाताना घरात जेवढ्या गोळ्या, पुड्या, डबे आहेत ते सगळे पिशवीत घालून न्या, सासूबाईंची गुडघ्याची पुडीही.